एकच डिस्क दोन लिनक्सना?

प्रश्न: आमच्या मेनफ्रेमवर दोन एलपार (मशीनचे स्वतंत्र चालणारे भाग) आहेत, दोन्हीत झेड-व्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टीम) आणि त्यावर लिनक्स. एकीकडचा डेटा दुसरीकडे लागतो. तीच डॅझडी (मेनफ्रेमची डिस्क) दोन्हीकडे ऑनलाइन करून माउंट केली, म्हणजे वापरायला जोडली, तर चालेल का?

उत्तर: ऑनलाइन होईल, माउंटपण होईल, आणि तिथेच लोक फसतात! ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीम असं धरूनच चालतात की डिस्कचा मालक मी एकटाच, त्यामुळे दोघांनी लिहायला घेतलं की फाइल सिस्टीमची वाट लागलीच म्हणून समजा. बरं, एकाने लिहायचं, दुसऱ्याने नुसतं वाचायचं म्हटलं तरी वाचणाऱ्याच्या कॅशेत (मेमरीतल्या प्रतीत) जुनंच पडून राहतं, आणि ईएक्सटी४ रीड-ओन्ली माउंट करतानाही जर्नल रीप्ले करायला, म्हणजे नोंदवहीतले अर्धवट राहिलेले बदल डिस्कवर लिहायला बघतं ते वेगळंच. दोघंही फक्त वाचणार असतील तर मात्र बिनधास्त करा.

मी तर सरळ एनएफएस (नेटवर्कवरून फाइल शेअर करणं) म्हणेन, तेही हायपरसॉकेट्सवरून, म्हणजे मेनफ्रेमच्या आतल्या नेटवर्कवरून. दोन्ही एलपार एकाच मशीनमध्ये असले की डेटा मेमरीतून मेमरीत जातो, केबल नाही की स्विच नाही, आणि एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ५६ केबीपर्यंत ठेवता येतो. मशीन वेगळी असतील तर ओसा कार्ड (मेनफ्रेमचं नेटवर्क कार्ड) लागेल. दोघांनाही एकाच डिस्कवर लिहायचंच असेल तर जीएफएस२सारखी क्लस्टर फाइल सिस्टीम (अनेक मशीननी एकत्र वापरायची) घ्या, पण त्यात लॉकिंग (एका वेळी एकालाच लिहू देणं), फेन्सिंग (बिघडलेल्या मशीनला डिस्कपासून तोडणं) यांचा व्याप आहे बरं का.