अंडं नको, मैदा नको, ओव्हन पण नाही: लोफ केकचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात साधा लोफ केक दिला होता, त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. एक गोष्ट मात्र लक्षात आली, रेसिपी आहे तशी कुणालाच करायची नसते. ज्यांनी तो अंक बघितला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते: ३ अंडी कवचासकट वजन करायची, जेवढं भरेल (साधारण १५०-१६० ग्रॅम) तेवढंच मऊ बटर, तेवढाच मैदा, साखर त्याहून २०-२५ ग्रॅम कमी, १ टीस्पून बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, २ टेबलस्पून दूध, थोडा व्हॅनिला. बटर आणि साखर पांढरट हलकं होईपर्यंत फेटा, अंडी एकेक करून घाला, मग मैदा, आणि ८ बाय ४ इंचाच्या टिनमधे १७० डिग्रीला ४५-५० मिनिटं. हा जुना इंग्लिश पाऊंड केकच आहे, अठराव्या शतकात तिकडे सगळं एकेक पौंड म्हणजे ४५० ग्रॅमच्या आसपास घ्यायचे आणि बेकिंग पावडर तेव्हा नव्हतीच (ती १८४३ ची), त्यामुळे हाताने तासभर फेटत बसायचं. आपल्याकडे बीटर आहे, नशीब.

ताई, मी तुमचा केक अंडं न घालता केला, मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी गूळ आणि बटरऐवजी तेल घातलं. दगड झाला. काय चुकलं? (डोंबिवली)

अहो, मग त्यात माझा केक राहिलाच कुठे :) रागावू नका, पण असे प्रश्न निम्म्याहून जास्त आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. या केकमधे चारच मुख्य वस्तू आहेत आणि प्रत्येकीला आपापलं काम आहे. अंडं केकला धरून ठेवतं, ओलावा देतं आणि फुगवतं पण. बटर आणि साखर फेटताना त्यात हवा अडकते, ती हवाच भट्टीत फुगते. साखर नुसती गोडीला नसते, ती केक मऊ ठेवते. मैदा म्हणजे सांगाडा. तुम्ही एका दमात चारही बदललं, त्यात तेल फेटून हवा धरत नाही, अंडं नाही, कणकेने होतं नव्हतं ते पाणी पिऊन टाकलं, मग फुगणार कशाच्या जोरावर?

एका वेळी एकच बदल करा. अंडं काढायचं असेल तर माझ्या रेसिपीतून नुसतं अंडं वगळू नका, सरळ दह्याचा केक करा, तो वेगळाच हिशोब आहे: १ कप ताजं घट्ट दही आणि पाऊण कप साखर फेटायची, त्यात १ सपाट टीस्पून बेकिंग पावडर आणि अर्धा टीस्पून सोडा घालून पाच मिनिटं ठेवायचं, बुडबुडे येतात, मग अर्धा कप वास नसलेलं तेल, व्हॅनिला आणि दीड कप (साधारण १९० ग्रॅम) मैदा. जास्त ढवळत बसायचं नाही, मैदा दिसेनासा झाला की थांबायचं, लगेच टिनमधे आणि लगेच ओव्हनमधे. सोडा दह्याच्या आंबटपणाशी लगेच खेळायला लागतो, त्यामुळे मिश्रण तसंच ठेवून फोनवर बोलत बसलात तर सगळा गॅस वर निघून जातो.

हा एकदा नीट जमला की पुढच्या वेळी अर्धा मैदा आणि अर्धी कणीक. आपली चक्कीची कणीक मैद्यापेक्षा खूप पाणी ओढते, म्हणून २-३ चमचे दूध जास्त, आणि कणीक आधी दही-साखरेत पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या. अशा वेळी सोडा आणि बेकिंग पावडर सुरुवातीला नाही, शेवटी मैद्यात चाळून घालायची. पूर्ण कणकेचा पण होतो, पण तो खुसखुशीत हलका होणार नाही, भरीव होणार, ते आधीच मान्य करून करा म्हणजे घरच्यांशी भांडण नको. मला स्वतःला अर्धा-अर्धाच आवडतो.

गूळ सगळ्यात शेवटी. साखरेएवढाच वजनाने, किसून, दोन-तीन चमचे कोमट पाण्यात विरघळवून गाळून (गाळाच, खडे निघतात) आणि पूर्ण गार करून. गुळाचा केक लवकर काळपट होतो म्हणून १६० डिग्री ठेवा आणि थोडा जास्त वेळ द्या. व्हॅनिलापेक्षा जायफळ आणि सुंठ जास्त शोभते. आणि हो, गूळ घातला म्हणून डायबेटिसवाल्यांनी दोन तुकडे जास्त खायचे असं काही नाही, रक्तातली साखर त्यानेही वाढतेच.

लोफ टिन नाहीये, घरात ७ इंचाचा गोल डबा आहे. चालेल? (नाशिक)

चालेल, बिनधास्त. दोन इंच उंचीचा ७ इंची गोल आणि ८ बाय ४ चा लोफ टिन यात जवळपास सारखंच मावतं. शंका असेल तर दोन्हीत पाणी भरून मापा. फक्त गोल डब्यात मिश्रण पसरतं, उंची कमी असते, त्यामुळे ३०-३५ मिनिटांनीच बघायला लागा. टिन दोन तृतीयांशपेक्षा जास्त भरू नका.

केळ्याचा केक बाहेरून मस्त ब्राऊन होतो, पण कापला की खाली चिकट थर, जणू खरवसच. आमच्याकडे केळी घरचीच आहेत त्यामुळे मी सढळ हाताने घालते. (भुसावळ)

सढळ हात तिथेच नडतोय. जळगावकडची केळी मोठी असतात, रेसिपीत ३ केळी लिहिलेलं असतं आणि लिहिणाऱ्या बाईंच्या डोळ्यासमोर कुठली केळी होती कुणास ठाऊक. म्हणून केळी मोजू नका, सोलून कुस्करून वजन करा. १९० ग्रॅम मैद्याला ३०० ग्रॅम गर पुरे. त्याच्यापुढे गेलं की ते पाणी मैद्याला पेलत नाही, खाली बसतं आणि चिकट राहतं. वेलची केळी असतील तर सहा-सात लागतील, छान लागतो पण सोलत बसावं लागतं.

केळी सालीवर भरपूर काळे ठिपके आलेलीच हवीत, शिकरणासाठी ज्यांना घरात कुणी हात लावत नाही ती. पिकल्यावर पिठूळपणाची साखर होते, म्हणून वरची साखर १२० ग्रॅमवर आणलीत तरी कळणार नाही. केळी मऊ नसतील तर थांबा, दुसरा उपाय नाही, ओव्हनमधे काळी केलेली केळी मऊ होतात पण गोड होत नाहीत.

दुसरं कारण, तुम्ही मिक्सरमधे मैद्यासकट फिरवता का? लिहिलं नाहीये पण बहुतेक हो. केळी फिरवा हवी तर, पण मैदा हाताने, चमच्याने, दहा-पंधरा वळशात. आणि लोफ उंच असतो, बाहेरून ब्राऊन दिसला तरी मधला भाग कच्चा असू शकतो, तिसाव्या-पस्तिसाव्या मिनिटाला वरून फॉइल सैलसर टाका आणि आत पूर्ण तास होऊ द्या. टूथपिक बरोब्बर मधोमध घालून बघा, कडेला घालून उपयोग नाही.

वरून भेग पडते ती कशी टाळायची? (ठाणे)

टाळू नका. लोफची वरची साय आधी घट्ट होते, मधलं मिश्रण नंतर फुगतं, त्याला वाट हवी असते. ती भेग सरळ यावी असं वाटत असेल तर भाजायच्या आधी मऊ बटरची बारीक रेघ मधोमध ओढा, केक तिथेच फाटतो, बेकरीसारखा दिसतो.

ओव्हन नाही. कुकरमधे होईल ना? कुकर खराब होतो असं सासूबाई म्हणतात. (सोलापूर)

सासूबाईंचं बरोबर आहे, कोरडा कुकर तापवणं कुकरला बरं नसतं, आणि करणारच असाल तर रबर आणि शिट्टी काढणं अगदी मस्ट. त्यापेक्षा जाड बुडाची जुनी कढई किंवा पातेलं घ्या, तळाला वाटीभर मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा उलटी ताटली, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग केकचं भांडं आत आणि आच मंद. झाकणाला कापड गुंडाळा म्हणजे वाफेचं पाणी केकवर पडत नाही (टोकं वर बांधा, गॅसकडे लोंबायला नकोत). इथे लोफ टिनचा हट्ट सोडा, उंच केकला खालून आच लागून तळ करपतो आणि वर कच्चा राहतो, चपटा गोल डबाच बरा. ४०-५० मिनिटं. वरून ब्राऊन होणार नाही, ते मान्य.

मायक्रोवेव्ह असेल तर त्यात कन्व्हेक्शन (ओव्हनसारखी गरम हवेने भाजायची सोय) आहे का ते आधी बघा. साध्या मायक्रोवेव्हमधे धातूचा टिन अजिबात घालायचा नाही.

आम्ही पाचगणीला राहतो. पुण्याला बहिणीकडे करते तेव्हा मस्त होतो, इथे फुगतो आणि मग मधे खड्डा. शिवाय ताजी स्ट्रॉबेरी घालायची आहे. (पाचगणी)

उंचीमुळे. तुम्ही साधारण १३०० मीटरवर आहात, तिथे हवेचा दाब कमी, पाणी पण १०० च्या आधीच, ९५-९६ ला उकळतं. गॅस पटकन फुगतो, केक भराभर वर येतो आणि आतला सांगाडा घट्ट व्हायच्या आधीच कोसळतो. बेकिंग पावडर पाऊण टीस्पून करा, साखर एक टेबलस्पून कमी, दूध एक-दोन चमचे जास्त, आणि ओव्हन १७० ऐवजी १८०. आधी एवढंच करून बघा.

स्ट्रॉबेरी मात्र अवघड पाहुणी आहे, तिच्यात पाणीच पाणी. ताजे तुकडे घातले की त्यांच्याभोवती केक ओला आणि फिक्का राहतो. त्यापेक्षा ३०० ग्रॅम स्ट्रॉबेरी चिरून ओव्हनमधे मंद आचेवर, १२० डिग्रीला, दीड-दोन तास सुकवा, आक्रसून गडद होतात, मग घाला. किंवा केक साधाच करा आणि ताजी स्ट्रॉबेरी आणि साय बाजूला घेऊन खा, खरं सांगायचं तर मी हेच करीन.

टूटीफ्रूटी नेहमी तळाशी जाऊन बसते. मैद्यात घोळवून पण. (कोल्हापूर)

मैद्यात घोळवून थोडाच फरक पडतो, मिश्रण पातळ असेल तर ती बुडणारच. टूटीफ्रूटी म्हणजे पाकातली कच्ची पपई, जड आणि चिकट. आधी कोमट पाण्यात धुवून पुसून घ्या, बारीक असेल तीच घ्या, आणि दही-तेलाच्या केकपेक्षा बटरचा घट्ट केक तिला जास्त सांभाळतो. अर्धं मिश्रण नुसतं ओता, उरलेल्या अर्ध्यात टूटीफ्रूटी घालून वर ओता, आपोआप मधे राहते.

इथे सेल्फ रेझिंग फ्लार (बेकिंग पावडर घातलेला मैदा) मिळतं, ते वापरू का? आणि तुमच्या मापाने केक टिनच्या बाहेर आला! (लेस्टर, इंग्लंड)

वापरा, बटरच्या केकला छान, फक्त वरची बेकिंग पावडर घालू नका, त्यात असतेच. दह्याच्या केकला नको, तिथे साधं प्लेन फ्लार घ्या, नाहीतर सोडा आणि हे मिळून कडू लागेल. बाहेर आला कारण तिकडची लार्ज अंडी ६३ ते ७३ ग्रॅमची, तीन अंड्यांचेच २०० ग्रॅम झाले, मग सगळंच तेवढं वाढलं. दोन अंडी घ्या आणि बाकी सगळं त्यांच्या वजनाएवढं, किंवा तीनच ठेवून तिकडचा दोन पौंडी टिन घ्या.

आमच्याकडे आजी धोंडस (काकडीचा गोड केक) करायची, झाकणावर निखारे ठेवून. ते लोफ टिनमधे करता येईल का? अंडं, मैदा काहीच नसतं म्हणून विचारते. (कुडाळ)

या वेळचा सगळ्यात आवडलेला प्रश्न! डोंबिवलीच्या ताई, तुम्हीपण वाचा, अंडं नाही, मैदा नाही, साखर नाही, आणि कुणी दगड म्हणणार नाही. पिकलेलं मोठं पिवळं तवसं (मोठी काकडी) घ्या, चिरल्याबरोबर आधी चाखा, कडू असेल तर सगळा गूळ वाया. बिया काढून किसा, पाणी फेकू नका. २ कप कीस पाण्यासकट, १ कप तांदळाचा जाडसर रवा (इडली रवा चालतो) तुपावर खमंग भाजून, पाऊण कप गूळ, अर्धा कप ओलं खोबरं, चिमूट मीठ, हळद, वेलची, काजूचे तुकडे. गूळ आणि कीस उकळी आणून त्यात रवा घाला, झाकून मंद आचेवर रवा फुगेपर्यंत शिजवा, उपम्याएवढं घट्ट झालं की तूप लावलेल्या लोफ टिनमधे दाबून भरा, वरून चमचाभर तूप. १८० ला ३५-४० मिनिटं, वरची रॉड पण चालू ठेवा, निखाऱ्याचं काम तीच करते. यात सोडाबिडा घालून फुगवायच्या भानगडीत पडू नका, धोंडस दाटच असतं. पूर्ण गार झाल्यावरच कापा, गरम कापलंत तर भुगा.

गोव्याकडचा बाथ पण असाच रव्याचा आणि खोबऱ्याचा, फक्त त्यात अंडी आणि बटर असतं, आणि मिश्रण रात्रभर ठेवून रवा फुगू देतात. त्याचे प्रश्न पण आलेत, ते पुढच्या अंकात घेऊ.

केक कापताना चुरा होतो. (अनेकजणी)

गरम कापता म्हणून. टिनमधे दहा मिनिटं, मग जाळीवर पूर्ण गार, जमलं तर झाकून दुसऱ्या दिवशी कापा, दातेरी ब्रेडच्या सुरीने, दाबून नाही तर करवतीसारखं हलकं ओढत. बटरचा केक फ्रीजमधे कडक होतो, खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, तेलाचा लगेच खाल्ला तरी मऊच लागतो. केळ्याचा मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांच्या वर बाहेर ठेवू नका, काप करून मधे बटर पेपर घालून फ्रीझरमधे टाका आणि लागेल तसा एकेक तव्यावर थोड्या तुपात गरम करा.