कॅसिनोचे पॉइंट सोडा, आधी वडिलांचं खातं सोडवा

भाऊ, तुमचा मेसेज पूर्ण वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. पारोळ्याकडचे हे भाऊ मोबाइलवरच्या एका ऑनलाइन कॅसिनोत मासे मारायचा गेम आणि ते विमान वर वर जातं तो गेम खेळायचे, खेळता खेळता गोल्ड मेंबर झाले, ८२ हजार लॉयल्टी पॉइंट जमले, आणि पॉइंटचे पैसे मागितले तर कंपनी म्हणते आधी ३० टक्के टॅक्स भरा मग सोडतो. त्यात वडिलांसोबतचं जॉइंट खातं बँकेने गोठवलं, कापसाचे पैसे त्यातच अडकले. शेवटी लिहिलंय, "मना पैसा बुडना का, आन मी जेलमा जासू का?"

पहिले पॉइंटचं बोलू. ते मिळणार नाहीत भाऊ, आणि त्यांच्यामागे आता एक रुपयाही घालू नका. ऑनलाइन गेममध्ये जिंकलेल्या पैशावर ३० टक्के टॅक्स आहे हे खरंय, २०२३-२४ पासून त्याचं वेगळं कलमच आलं, पण तो टॅक्स पैसे देणारी कंपनी तुमच्या रकमेतून कापून घेतो आणि उरलेले तुम्हाला देतो, आधी तुमच्या खिशातून भरा मग तुमचे पैसे सोडतो असा टीडीएस (पैसे देतानाच कापायचा टॅक्स) नसतोच. ही सरळ दुसरी लूट आहे. कोर्टातून वसूल करू म्हणाल तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० आडवं येतं, पैजेचा करार रद्दबातल, जिंकलेल्या पैशासाठी दावाच लावता येत नाही. आणि तुम्हीच सांगताय की ९४ हजार टाकले नि २१ हजार काढले, म्हणजे वर्षाचा हिशोब धरला तर जिंकलेलं काही नाहीच, मग टॅक्स कशावर?

तुम्ही लिहिलंय की माशांवर नेम धरून मारावं लागतं, म्हणून हा आर्केड गेम आहे, जुगार नाही. हा मुद्दा एकेकाळी दमदार होता. आपल्याकडे लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याचा खेळ वगळलाय, आणि १९६७ साली सुप्रीम कोर्टाने रमीलाही कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. पण संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा पास केला त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमसाठी कौशल्य की नशीब हा फरकच काढून टाकला. पैशाऐवजी कॉइन, टोकन, क्रेडिट असं काही नाव दिलं तरी ते पैसे देऊन घेतलेलं असेल तर पैसाच धरतात. तसाही मासा कितव्या गोळीला मरेल हे तुमचा नेम ठरवत नाही, त्यांचा प्रोग्राम ठरवतो. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पत्ते बसतात म्हणून लोकांना वाटतं सणाला सगळं चालतं, तर तशी सूट कोणत्याच कायद्यात लिहिलेली नाही.

आता जेलचं. नीट वाचा, कारण तुम्ही सगळ्यात कमी ज्यावर लिहिलंय तिथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटतेय. २०२५ च्या कायद्यात नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, सरकारने बिल आणतानाच सांगितलं होतं की खेळणारा हा बळी आहे. शिक्षा आहे गेम चालवणाऱ्याला, त्याचे पैसे फिरवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हाही अजामीनपात्र, आणि जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि तुम्ही सहज लिहून गेलात की "रेफरलचे पॉइंट जास्त मिळतात म्हणून स्टेटसला लिंक ठेवायचो, गावातली सहा पोरं जोडली." भाऊ, लॉयल्टी प्रोग्रामचा खरा डाव हाच असतो, खेळून पॉइंट थोडे आणि माणूस आणून दिला की पॉइंट ढिगाने, म्हणजे हळूहळू बळी पडलेल्या माणसालाच ते आपला प्रचारक करून घेतात. खेळणारा आणि बोलावणारा यांच्यातली रेघ तुम्ही ओलांडलीय. उद्या पोलीस दारात उभे राहतील असं मी म्हणत नाही, पण त्या सहांपैकी एकाच्या बापाने तक्रार दिली तर तुमच्या नावाची लिंक कागदावर येणार. आज त्या स्टेटसचे, चॅटचे, पॉइंट कधी किती मिळाले त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मगच लिंक बंद करा, आणि चॅट किंवा अ‍ॅपचा रेकॉर्ड उडवू नका, पुरावा नष्ट केला असं दिसता कामा नये. त्या सहा जणांना भेटून थांबायला सांगा, हे मी वकील म्हणून सांगतोय आणि माणूस म्हणूनही.

खातं का गोठलं? तुम्ही काढलेले २१ हजार कंपनीच्या नावाने आलेच नाहीत, वेगवेगळ्या अनोळखी लोकांच्या यूपीआयवरून आले, हे तुमच्याच स्टेटमेंटमध्ये दिसतंय. हे कॅसिनोवाले फसवणुकीचे पैसे भाड्याच्या खात्यांतून फिरवतात, मग तेलंगणातल्या कोणाची फसवणूक झाली, त्याने १९३० ला (सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर) फोन केला, की पैसा जिथे जिथे गेला तिथलं खातं थांबतं. ब्रँच मॅनेजरशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात नसतं. बँकेला लेखी अर्ज द्या आणि तीन गोष्टी लेखी मागा, कोणतं पोलीस स्टेशन, तक्रारीचा नंबर काय, आणि वादातली रक्कम किती. समजा वादातली रक्कम चार हजार निघाली, तर तेवढीच रोखा, बाकीचे कापूस विकलेले पैसे मोकळे करा अशी मागणी तपास अधिकाऱ्याला ईमेलने करा, सोबत कापसाच्या विक्रीची पावती आणि सातबारा जोडा. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये हेच सांगितलंय की पोलिसांनी जेवढी रक्कम कळवली तेवढ्यापुरतंच खातं रोखावं. उत्तर नाही आलं तर ज्या कोर्टाच्या हद्दीत ती तक्रार आहे तिथे बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) कलम ५०३ खाली अर्ज करावा लागतो, म्हणजे तिकडचा वकील बघावा लागेल. खर्च झेपत नसेल तर जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा नाहीतर १५१०० ला, कायदेशीर मदतीच्या नंबरला, फोन करा. पोलिसांनी विचारलं तर गेम खेळलो हे खरं सांगा, "मित्राने पाठवले" असलं काही बनवू नका.

ज्या माणसाने तुम्हाला उधारीवर खेळायचा आयडी दिला आणि कोरा चेक सही करून घेतला, तो आता ४० हजार मागतोय. त्याला घाबरू नका. आपला भाग जुन्या मुंबई इलाख्यातला, तिथे १८६५ चा एक कायदा आहे, त्याने पैजेला मदत म्हणून केलेले व्यवहारही रद्द ठरतात, १९५९ साली सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलंय. त्यामुळे चेक बाउन्स झाला तरी कायदेशीर देणं नव्हतं हा बचाव तुमच्याकडे आहे. फक्त नोटीस आली तर कपाटात टाकू नका, १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर जाऊ द्या. धमकीचे कॉल आले तर रेकॉर्ड करा आणि पोलीस स्टेशनला लेखी द्या. मावसभावाकडून दवाखान्याचं सांगून घेतलेले पैसे मात्र यात बसत नाहीत, त्याला माहीतच नव्हतं, ते फेडावे लागतील.

रात्री झोप लागत नाही, हात आपोआप मोबाइलकडे जातो असं लिहिलंय, त्यासाठी १४४१६ ला, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आणि वडिलांना अजून सांगितलं नाही म्हणता. खातं जॉइंट आहे भाऊ, कापसाची पावती त्यांच्या नावाची, सातबारा त्यांचा, बँकेच्या अर्जावर सही त्यांचीच लागणार. आज संध्याकाळी सांगा, उद्या दोघं मिळून ब्रँचला जा.