पहिला फ्रॉक नको, पहिली चड्डी शिवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी तीन वर्षांची आहे, शिवणक्लासला जायला वेळ मिळत नाही, तर इंटरनेटवरचे पॅटर्न (कापड कापायचे कागदी आराखडे) छापून घेऊन तिचे कपडे घरीच शिवायला शिकता येईल का? मशीन कोणतं घ्यावं आणि सुरुवातीला कुठला फ्रॉक सोपा पडेल?

शिकता येईल, अगदी चांगलं येईल. फक्त सुरुवातीला फ्रॉक नको आणि आधी मशीनही नको. आधी कागद.

मशीनवर सरळ शीव घालणं हे या कामातलं सगळ्यात सोपं प्रकरण आहे. जुन्या सुईने, दोरा न ओवता, वहीच्या रेघी कागदावर रेघेवरून मशीन चालवत राहा, चार-आठ दिवसांत हात बसतो. खरं काम असतं ते कापड बेतण्याचं. शीव चुकली तर उसवता येते, कात्री चुकली तर कापड गेलं. पॅटर्नमुळे हे बेतणंच कुणीतरी आपल्यासाठी करून ठेवलेलं असतं, पण त्यावर काय काय लिहिलंय ते नीट वाचावं लागतं, आणि बहुतेक नवखी माणसं तेवढंच सोडून बाकी सगळं वाचतात.

मी क्लासमध्ये शिकले तेव्हा पॅटर्न विकत घेणं हा प्रकारच नव्हता. छातीचं माप घ्यायचं आणि त्यावरून सगळं आखायचं. कागद घडी करून घडीपासून मोजायचं: छातीचा चौथा भाग अधिक एक इंच लूझिंग (अंगाला मोकळं व्हावं म्हणून जादा जागा) ही अंगाची रुंदी, चौथाच भाग मुंढ्याची (बाही जिथे लागते त्या भोकाची) खोली, बारावा भाग अर्ध्या गळ्याची रुंदी. वहीत खाकी कागदाचे पाव मापाचे छोटे छोटे फ्रॉक कापून चिकटवायचे. कंटाळवाणं होतं, पण मुलांच्या कपड्याचं गणित डोक्यात पक्कं बसलं. छापील पॅटर्न हे गणित लपवतो. म्हणून माझा आग्रह असा की पॅटर्न वापरा, पण वरची तीन मापं लक्षात ठेवा आणि हातातला कागद त्यांच्याशी ताडून पाहा. मुलीची छाती २० इंच असेल तर अंगाचा पाव भाग माया (शिवणीबाहेर ठेवलेलं जादा कापड) न धरता ६ इंचांच्या आसपास यायला हवा. ५ येत असेल किंवा ८ येत असेल तर कुठेतरी गडबड आहे, आणि ती कापड कापण्याआधी कळलेली बरी.

ही गडबड बहुतेक वेळा झेरॉक्सच्या दुकानात झालेली असते. दुकानदार सवयीने फाइल ‘पानात बसेल अशी’ छापतो, त्यामुळे सगळं किंचित लहान होतं. छापून घ्यायच्या बहुतेक पॅटर्नवर तपासणीसाठी एक चौकोन दिलेला असतो, कधी १ इंचाचा, कधी ५ सेंटिमीटरचा. आधी तेवढंच एक पान १०० टक्के आकारात छापून घ्या, दुकानातच पट्टी लावा, मग बाकीची पानं काढा. ५ चा चौकोन ४.८ आला तर फरक डोळ्यांना दिसतही नाही, पण ६० सेंटिमीटर घेराचा फ्रॉक त्यामुळे जवळजवळ एक इंचाने आवळतो. तीन वर्षांच्या मुलीच्या अंगावर एक इंच म्हणजे फ्रॉक डोक्यातून निघता निघत नाही आणि पोरगी रडायला लागते.

दुसरी गोष्ट मायेची. शिवणीसाठी सोडायची माया पॅटर्नमध्ये धरली आहे की नाही हे कागदावर कुठेतरी बारीक अक्षरांत असतं. अमेरिकन पाकिटातल्या पॅटर्नमध्ये ती साधारणपणे पाच अष्टमांश इंच, म्हणजे दीड सेंटिमीटर, धरलेली असते. युरोपातल्या काही मासिकांच्या पॅटर्नमध्ये अजिबात नसते, ती आपण वाढवून कापायची. आपले शिंपी बगलेत याहून जास्त सोडतात, मुलांच्या कपड्यांत तर इंचभरसुद्धा, आणि तेच बरोबर आहे. पुढच्या वर्षी नुसती एक शीव उसवली की फ्रॉक पुन्हा होतो. पॅटर्नवर काहीही छापलेलं असो, बगलेत आणि खालच्या दुमडीत तुम्ही जास्तच ठेवा. गळ्याला आणि मुंढ्याला मात्र जास्त माया ठेवू नका, तिथे गोलाई नीट वळत नाही.

साईजबद्दल. युरोपातल्या पॅटर्नवर ९२, ९८, १०४ असे आकडे दिसतील. ती मुलाची सेंटिमीटरमधली उंची आहे, वयाशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडची बरीच मुलं उंचीच्या मानाने अंगाने बारीक असतात, म्हणून साईज छातीवरून निवडा आणि लांबी उंचीवरून ठरवा. लांबी वाढवायची तर खालून वाढवू नका. पॅटर्नवर त्यासाठी एक आडवी रेघ दिलेली असते, तिथे कागद कापून मधे पट्टी जोडा, म्हणजे घेराचा आकार बिघडत नाही. मूळ कागद तर कापूच नका. चार-पाच साईजच्या रेघा एकावर एक छापलेल्या असतात, त्यातली आपली रेघ बटर पेपरवर किंवा खाकी कागदावर गिरवून घ्या. दोन वर्षांनी त्याच कागदावरची मोठी रेघ लागणारच आहे. (मापामापाचे असे कागदी पॅटर्न विकण्याचा धंदा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली सुरू केला, आणि त्याचा सुरुवातीचा माल पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांचा होता. बायकांचे पॅटर्न नंतर आले.)

माप घ्यायला मुलगी उभी राहणार नाही, तो नाद सोडा. तिला नीट बसणारा एखादा फ्रॉक पलंगावर सपाट पसरा, बगलेखाली आडवी टेप लावा, दुप्पट करा. पण यात लूझिंग आधीच आलेलं असतं, ते पुन्हा मिळवू नका. अंगावरचं माप आणि कपड्याचं माप वहीत वेगवेगळं लिहून ठेवा.

आता पहिला कपडा. इलास्टिकची सुती चड्डी. एकाच तुकड्याच्या पायाचा पॅटर्न शोधा, म्हणजे बाजूला शीवच नाही असा. ३६ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) अर्धा मीटर पॉपलीन पुरतं. कापड रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री लावा. सुती कापड आटतं आणि शिवल्यावर आटलं तर उपाय नाही. पॅटर्नवरचा बाण काठाला समांतर ठेवायचा. कापड सुलटावर सुलट घडी करूनच कापा, म्हणजे आपोआप एक उजवा आणि एक डावा पाय मिळतो. एकेरी कापडावर तोच कागद दोनदा ठेवला की दोन्ही पाय एकाच बाजूचे निघतात. मागच्या बाजूची गोलाई जास्त खोल असते आणि कंबरही किंचित उंच असते, तर कापल्याबरोबर मागच्या बाजूला खडूने फुली मारा.

शिवताना आधी प्रत्येक पायाची आतली शीव घाला. दोन नळ्या तयार होतात. एक नळी सुलट करा, दुसरी उलटच राहू द्या. सुलट केलेली नळी उलट नळीच्या आत सरकवा, आतल्या शिवणी एकमेकींवर आणा, तिथे टाचणी लावा आणि पुढच्या कंबरेपासून खालून फिरून मागच्या कंबरेपर्यंत एकच सलग शीव घाला. बाहेर ओढलं की चड्डी. हे वाचताना डोक्यात शिरत नाही, हातात कापड घेतलं की लगेच कळतं. या गोलाईवर दुसऱ्यांदा शीव मारा, मुलं बसता-उठता सगळा ताण तिथेच येतो.

नेफा (इलास्टिक ओवायची कंबरेची दुमड) इलास्टिकच्या रुंदीपेक्षा पाव इंच मोठा ठेवा, आणि शिवताना मागच्या बाजूला दोन इंच उघडा सोडा. कंबर २० असेल तर इलास्टिक १८ इंच कापा, सेफ्टी पिन लावून ओवा, टोकं अर्धा इंच एकावर एक ठेवून पक्की शिवा. आधी घालून बघा, मगच नेफ्याचं तोंड बंद करा. मागे आत फितीचा छोटा तुकडा शिवून टाका, म्हणजे पोरगी स्वतः घालताना पुढचं-मागचं ओळखते.

दुसऱ्या-तिसऱ्या चड्डीला हात सराईत होतो. मग झबलं किंवा बिनबाह्यांचा पेटीकोट, कारण तिथे पहिल्यांदा गळा आणि मुंढा येतो. गळ्याला उरेप पट्टी लावायची. काठाशी पंचेचाळीस अंशात तिरकी कापलेली, सव्वा इंच रुंद. लावताना पट्टी किंचित ताणत जा, गळा नाही. गळा ताणला की तो फुगून उभा राहतो. शीव झाल्यावर मायेला शिवणीच्या अलीकडेपर्यंत बारीक कट द्या, मग पट्टी आत वळवून इस्त्री करा. इस्त्री हे शेवटी करायचं काम नाही. एक शीव झाली की तिच्यावर इस्त्री, मगच तिला छेदणारी दुसरी शीव. घरचा आणि शिंप्याकडचा कपडा यातला निम्मा फरक इथेच पडतो.

आणि फ्रॉक. त्यात नवख्यांना गोत्यात आणणारी जागा म्हणजे गळा, कारण तीन वर्षांच्या मुलाचं डोकं जवळजवळ छातीएवढं असतं. डोक्याचा घेर साधारण १९ इंच, छाती २०. वरच्या हिशोबाने आखलेल्या गोल गळ्याचा घेर येतो ११च्या आसपास. ८ इंच कमी पडले. मागे चीर दिली की तिच्या दोन्ही कडा मोजल्या जातात, म्हणजे ४ इंचांच्या चिरेने जेमतेम १९ होतात, आणि जेमतेमवर मुलाचे कान ओढले जातात. चीर ५ इंचांची ठेवा, वर एक टिचबटण. चेन, कॉलर, अस्तर यांच्या नादी आत्ता लागू नका. छातीपर्यंत योक (वरचा सपाट तुकडा) आणि खाली चुण्यांचा घेर असा फ्रॉक घ्या. घेराला योकच्या दुप्पट कापड पुरे.

गळ्याशी बांधायच्या नाड्या आणि टोपीला ओवलेल्या दोऱ्या मात्र टाळा, पॅटर्नमध्ये कितीही गोड दिसल्या तरी. घसरगुंडीवर त्या अडकतात आणि गळ्याला फास बसतो. युरोपातल्या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत या जागी नाडी चालतच नाही. आपल्या कुंचीचे बंद तान्ह्या बाळाला कुणाच्या तरी मांडीवर असताना ठीक, झोपवताना सोडायचे.

नव्या पॅटर्नचा पहिला कपडा मांजरपाटाचा (साध्या स्वस्त सुती कापडाचा) शिवा, लांब टाका ठेवून. अंगाला लावा, खडूने खुणा करा, उसवा आणि त्या खुणा कागदावर उतरवा. आमच्या गल्लीतले मास्तर कागद वापरतच नाहीत, थेट कापडावर खडू फिरवतात आणि मांजरपाटाला हसतात. त्यांचं ठीक आहे, त्यांचा हात त्यावरच बसलाय. मांजरपाट मिळालं नाही तर जुनी चादर चालते. पुढे रोजच्या कपड्यांसाठी कटपीसच्या दुकानात पॉपलीन, कॅम्ब्रिक बघा. मऊ मलमल उन्हाळ्यात छान, पण ती मशीनखाली सरकते, म्हणून पहिल्या कपड्याला नको. होजिअरी तर अजिबात नको, तिला गोल टोकाची सुई लागते आणि हात बसलेला असला तरी ती ताणली जाते.

खणाचं परकर-पोलकं पण मनात असेलच. परकर सोपा आहे, त्याला पॅटर्नही लागत नाही: सरळ आयत, कंबरेच्या दोन-अडीचपट घेर, वर नेफा. खणाचा पन्हा लहान असतो म्हणून तुकडे जोडावे लागतात. खाली दोन-तीन आडवे टक (शिवलेल्या घड्या) घालून ठेवा, मुलगी वाढेल तसा एकेक उसवायचा. पोलकं फ्रॉकनंतर.

मशीनबद्दल फार विचार करू नका. सरळ टाका नीट घालणारं जुनं पायमशीन मिळालं तरी पुरे, फक्त घेण्याआधी तुमच्या कापडाचा तुकडा नेऊन तिथेच शिवून बघा आणि टाका वरून-खालून सारखा आहे का ते पाहा. घरात जागा नसेल तर झिगझॅग असलेलं साधं विजेचं घ्या. शंभर डिझाइनच्या टाक्यांसाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही, ते कुणी वापरत नाही. मलमलीला ११ नंबरची सुई, पॉपलीनला १४. खाली दोऱ्याचा गुंता झाला तर दहातल्या नऊ वेळा वरचा दोरा चुकीचा ओवलेला असतो. मशीनचा कापड दाबणारा पाय उचलून पहिल्यापासून ओवा. कडांचे दोरे निघू नयेत म्हणून बाजारात इंटरलॉक (कडेवर दोऱ्याची गुंफण) करून मिळतं. मुलीला ते टोचत असेल तर आधी उलटावर उलट ठेवून पाव इंचावर शीव घाला, माया कापून बारीक करा, कापड पलटून सुलटावर सुलट ठेवा आणि पुन्हा शीव मारा. कच्ची कड आत बंद होते.

मुलीची छाती, कंबर आणि उंची एवढी तीन मापं इथे लिहिलीत तर चड्डीचा कागद पॅटर्नशिवाय कसा आखायचा ते आकड्यांसकट सांगते.