वानरं दिवसभर नेमकं काय करतात, हे कोणी बसून पाहिलंय का?

बसतात. थट्टा नाही, दिवसाचा मोठा भाग ती नुसती बसलेली असतात.

मी चिमूर तालुक्यातला. हरभऱ्याच्या राखणीपायी दोन हिवाळे काळ्या तोंडाच्या वानरांसमोर काढले. आमच्याकडे वांदर म्हणजे हेच. लाल तोंडाचं माकड वेगळं, त्याच्या गालात पिशव्या असतात. ते दाणे गालात कोंबून पळतं. वांदराला ती सोय नाही, म्हणून ते वावरातच बसून घाटे खातं आणि आपल्या शिव्याही.

थंडीत ऊन अंगावर आल्याशिवाय टोळी उतरत नाही. धुऱ्यावरच्या चिंचेवर, उन्हाकडे पोट करून, हात गुडघ्यांवर टाकून बसतात. पारावरचे म्हातारेच जणू! मग वावरात धाड, आणि अकराच्या सुमारास पुन्हा चिंच. मला वाटायचं, माझ्या गोफणीला भ्याली. कारण त्यांच्या पोटात आहे. मुख्य खाणं पाला. पोट गाईबैलांसारखं कप्प्याकप्प्यांचं, त्यात जिवाणू तो पाला आंबवतात, आणि त्याला वेळ लागतो. गोफणीचं श्रेय मी उगाच घेत होतो.

बसणं म्हणजे झोपणं नव्हे मात्र. शेंड्यावर कोणी ना कोणी जागं असतंच. खाली सांडलेला पाला वेचायला चितळं येतात, आणि वरून खोकल्यासारखा तो खरखरीत आवाज आला की चितळांच्या आधी आमचा गुराखी थबकतो. वाघ नाहीतर बिबट.

दुपारी एकमेकांच्या केसांत बोटं घालणं चालतं. पिल्लू जन्मतं तेव्हा काळं असतं, पुढे काही महिन्यांत राखाडी होतं. काळं आहे तोवर सगळ्या माद्यांना ते हवं असतं. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. आई तेवढ्यात पोटभर खाऊन घेते. एका कोवळ्या मादीने तर पिल्लू उलटं धरलेलं मी पाहिलं. ते किंचाळलं तसं आईने येऊन हिसकावून नेलं.

दुसऱ्या वर्षी माघात चार-पाच नर बाहेरून आले. दोन दिवस हूप-हूप, फांद्या मोडणं, पाठलाग. एकाचा कान फाटला. जुना हुप्प्या गेला. आठवड्याच्या आत एक काळं पिल्लू दिसेनासं झालं, दुसरं मेलेलं. त्याची आई ते छातीशी धरून दोन दिवस फिरत होती. गावात म्हणाले, रोग आला. पुढे वाचलं, की युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६० च्या दशकात धारवाडकडे हेच पाहिलं होतं. नवा नर टोळी जिंकतो आणि आधीच्या नराची पिल्लं मारतो. अंगावरचं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते. हिशेब कळला. पण त्या मादीवर घाट्यांसाठी गोटा मारायला माझा हात काही उठला नाही, आणि तेवढा हरभरा गेला.

तुम्हाला पाहायचं असेल तर रोज एकाच जागी बसा. डोळ्यांत रोखून पाहू नका, ती त्यांना धमकी वाटते. दात दाखवले तर ते हसणं नाही, मुकाट्याने थोडं मागे सरका. आणि खिशात शेंगदाणे नकोत. एकदा दिले की दुसऱ्या दिवशी ती तुमच्या खिशाकडेच पाहत बसतात, मग बघण्यासारखं काही उरत नाही.