कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये पेशंटचंच रक्त परत दिलं तर कॅन्सर पसरतो का?

तुमच्या वडिलांचं मूत्राशय काढायचं ठरलंय, चार बाटल्या रक्ताची सोय करायला सांगितलंय, आणि त्यांचंच वाहिलेलं रक्त साफ करून परत देता येईल का, असं तुम्ही विचारताय. मी भूलतज्ज्ञ आहे, हे मशीन वापरते. देता येतं, पण सरसकट नाही आणि फिल्टरशिवाय तर नाहीच.

मशीनला थिएटरमध्ये सगळे सेल सेव्हरच म्हणतात. सर्जन जखमेतलं रक्त सक्शनने ओढतो. नळीच्या टोकाशीच त्यात हेपारिन घातलेलं सलाईन मिसळत जातं, म्हणून ते गोठत नाही. पुढे ते एका भांड्यात वेगाने फिरवलं की जड लाल पेशी कडेला बसतात आणि बाकीचं वरून निघून जातं. मग सलाईनने धुलाई. टाकाऊ बॅगेकडे जाणारी नळी आधी लालभडक, मग गुलाबी, मग जवळजवळ नितळ दिसते; मशीनच्या आकड्यांइतकाच माझा त्या नळीवर भरवसा असतो. उरतात त्या दाट लाल पेशी. रक्त गोठवायला लागणारे प्लाझ्मा आणि प्लेटलेट धुण्यात जातात, त्यामुळे रक्तस्राव फारच झाला तर ते ब्लड बँकेतूनच आणावे लागतात.

तुमची भीती अगदी रास्त आहे. या धुण्याने कॅन्सरच्या पेशी पूर्ण जात नाहीत. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या अशा रक्तात गाठीच्या पेशी सापडल्याचं 1975 मध्येच छापून आलं होतं, आणि 1986 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने कॅन्सरमध्ये हे नकोच असं म्हटलं. पुढे पांढऱ्या पेशी अडवणारे फिल्टर आले, त्यांत गाठीच्या पेशीही बऱ्याच अडकतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2008 मध्ये प्रोस्टेट आणि मूत्राशय काढण्याच्या ऑपरेशनांत याला मान्यता दिली, म्हणजे नेमकं तुमच्याच कामाचं.

शिवाय गाठ हाताळताना काही पेशी रक्तात तशाही सुटतात. रक्तात पेशी आली म्हणजे ती कुठेतरी रुजतेच असं नाही. परत दिलेल्या रक्तामुळे कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढल्याचं आजवरच्या तुलनांत दिसलेलं नाही. मात्र यातले बरेच अभ्यास जुन्या केसपेपरांवरून केलेले आहेत, म्हणून मी छातीठोक शब्द देणार नाही. दुसऱ्याचं रक्तही अगदी निर्धोक नसतं. त्याने प्रतिकारशक्ती थोडी दबते, आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्त चढवलेल्यांत आजार जास्त उलटलेला दिसतो. अर्थात ज्यांची तब्येत आधीच नाजूक, त्यांनाच रक्त जास्त लागतं, त्यामुळे दोष रक्ताचा की आजाराचा हे सांगणं अवघड.

व्यवहारात काही पथ्यं पाळावी लागतात. गाठीला लागून किंवा फुटलेल्या गाठीतून आलेलं रक्त मशीनकडे जाऊ द्यायचं नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मूत्राशय काढल्यावर बहुधा आतड्याच्या तुकड्यातून लघवीची नवी वाट करतील. आतडं उघडलं की तिथलं सगळं दुसऱ्या सक्शनने फेकायच्या बाटलीत. फिल्टरमधून रक्त सावकाश उतरतं, दाब देऊन घाई करायची नाही, आणि क्वचित रक्तदाब एकदम घसरतो. म्हणजे धो धो रक्त वाहत असताना हा मार्ग तोकडा पडतो.

खर्चाचं म्हणाल तर नळ्या आणि भांड्याचा सेट एकदाच वापरायचा असतो. पण आधी फक्त रक्त गोळा करायची बाटली लावून ठेवता येते. पुरेसं जमलं तरच पुढचा सेट फोडायचा. दुर्बिणीतून किंवा रोबोटने ऑपरेशन असेल तर रक्त इतकं कमी जातं की बहुतेकदा त्याची वेळच येत नाही.

पण खरं सांगू? तुमच्या जागी मी आधी वडिलांचं हिमोग्लोबिन बघितलं असतं. लघवीतून महिनोन् महिने रक्त गेलेल्या माणसाचं ते 9-10 वर आलेलं असतं, आणि घरचे मात्र डोनर गोळा करत फिरत असतात. ऑपरेशनला दोन-तीन आठवडे असतील आणि लोह कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या स्वस्त इंजेक्शनने बऱ्याच ऑपरेशनांत रक्तस्राव कमी होतो, पण पायात गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर विचार करून. आधीच स्वतःचं रक्त काढून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर अशक्त पेशंटच्या बाबतीत तो ऐकू नका.

भूलतपासणीला जाल तेव्हा दोनच गोष्टी विचारा: साधारण किती रक्त जाईल, आणि सेल सेव्हर असेल तर त्यासोबत ल्युकोसाइट फिल्टर, म्हणजे पांढऱ्या पेशी अडवणारा तो फिल्टर, आहे का. फिल्टर नसेल तर ब्लड बँकेचं रक्त घ्या. आणि चार बाटल्यांची सोय मात्र कुठल्याही परिस्थितीत करून ठेवा.