प्युतँ, मेर्द आणि आपलं च्यायला

अगं, तुझा मेसेज वाचून हसलोच. फ्रान्समधे तुलूझला जाऊन महिना नाही झाला आणि विचारतेस, सर, लॅबमधे सगळे दिवसभर 'प्युतँ' का म्हणतात, डिक्शनरीत तर वेश्या लिहिलंय! बरोबरच लिहिलंय. पण च्यायला म्हणताना आपण तरी कुणाच्या आईचा विचार करतो का? तिकडे दक्षिणेत तर तो स्वल्पविराम आहे, शेवटी ग लावून, प्युतँग, प्रिंटर अडकला तरी प्युतँग, ऊन छान पडलं तरी प्युतँग.

तू मात्र सध्या सगळं ऐक आणि स्वतः बोलताना 'मँस' नि 'प्युनेझ'वर भागव. मँस म्हणजे पातळ, ते 'मेर्द'च्या (म्हणजे गू) जागी; प्युनेझ म्हणजे ढेकूण, ते प्युतँच्या जागी (2023 साली पॅरिसमधे ढेकणांची बोंब झाली तेव्हा लोक नेमकं काय ओरडत असतील देव जाणे). आपलं 'आईच्या गावात' कसं, तोंड शिवीकडे निघतं आणि ऐनवेळी वळतं, तसंच हे. भिऊन सांगत नाहीये, पण परक्या उच्चारात शिवीचं वजन चुकतंच, पुण्यात फ्रेंच पोराने रिक्षावाल्याला च्यायला म्हटलं तर कसं वाटेल बघ.

आणि प्रिंटरला म्हणणं वेगळं, माणसाला वेगळं. 'कों' (मूर्ख, पण शिवीच) मित्रांमधे चालतं, अनोळखी माणसाला नाही. 2008 ला सार्कोझी, म्हणजे चक्क राष्ट्राध्यक्ष, शेतकी प्रदर्शनात हात मिळवायला नको म्हणणाऱ्या माणसाला 'कास-त्वा, पोव्ह कों' म्हणाले, चल फूट मूर्खा टाइप, ते वर्षानुवर्षं त्यांना चिकटलं.

क्वेबेकची, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातली पोरं भेटली तर अजून मजा, त्यांच्या शिव्या चर्चमधल्या, ताबारनाक (प्रसादाची पेटी), कालीस (वाइनचा पेला), म्हणजे आपण चिडून पळी-पंचपात्र ओरडावं तसं! 1960 च्या आसपासपर्यंत तिथे बहुतेक शाळा-हॉस्पिटलं चर्चच्या हातात होती, राग निघणार कुठे मग.

माझी फजिती सांगतो. व्हायव्हाच्या दिवशी दारात एक सहकारी हसत म्हणाली, मेर्द! मी मनात म्हटलं हिचं काय बिघडवलं मी, आणि घाबरून मेर्सी म्हणालो, तर सगळे ओरडले, अरे मेर्सी नाही म्हणायचं! नाटकवाल्यांची शुभेच्छा आहे ती, थँक्यू म्हटलं की अपशकुन. पुढचा अर्धा तास त्याच टेन्शनमधे गेला.

तुझं प्रेझेंटेशन कधी आहे ते कळव, आणि थंडीचं जॅकेट घेतलंस का नाही?

सर