अतिनील म्हणजे 'अतिशय निळा' नव्हे

प्रश्न : 'उपग्रहाने सूर्याचा अतिनील किरणोत्सर्ग मोजला' असं बातमीत वाचलं. अतिनील म्हणजे अतिशय निळा का? त्यापेक्षा 'जंबुपार' बरा नाही का? आणि हे मोजायला अवकाशात कशाला जावं लागतं?

आधी तो 'किरणोत्सर्ग' बाजूला ठेवा. तो वाचला की लोकांना अणुभट्टी आठवते. सूर्याकडून येतं ते प्रारण, म्हणजे किरणरूपानं पसरणारी ऊर्जा. जड वाटत असेल तर नुसतं 'किरण' म्हणा.

आता 'अति'. जांभळ्या दिव्याकडे बोट दाखवून 'अतिनील प्रकाश काय सुंदर दिसतो!' म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. अहो, तो दिसत नाही म्हणूनच अतिनील! 'फार' हा 'अति'चा नंतरचा अर्थ. मूळचा अर्थ पलीकडे, ओलांडून. पुरुषसूक्तातला पुरुष भूमीला सगळीकडून व्यापून 'अत्यतिष्ठद्दशाङ्गुलम्', दहा बोटं पलीकडे उरतो. अतिक्रमण, अतींद्रिय आणि माझा लाडका 'अतीत' (अति + इत, पलीकडे गेलेला) यांत तोच अर्थ आहे. मर्यादेपलीकडचं ते 'फार', अशी पुढे घसरण झाली.

खरी मौज पुढेच आहे. लॅटिनमधला 'एत' (आणि) व ग्रीकमधला 'एति' (आणखी) हे आपल्या 'अति'चे भाऊबंद. ज्याच्यासाठी आपण 'अति' योजला तो 'अल्ट्राव्हायोलेट'मधला 'अल्ट्रा' मात्र दुसऱ्या मुळाचा! म्हणजे अतिनील हा 'निळा, आणि आणखी...' असा अर्धवट सोडलेला उद्गार आहे, असं माझं मत. पटो न पटो. १८०१मध्ये योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञानं नेमकं हेच पाहिलं : वर्णपटाच्या (सूर्यप्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगपट्ट्याच्या) जांभळ्या कडेबाहेर, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे, सिल्व्हर क्लोराइड झपाट्यानं काळं पडलं.

'जंबुपार' (जांभळ्यापलीकडचा) मराठी विश्वकोशानं चालवला. त्या पक्षाचा आक्षेप असा की तानापिहिनिपाजामध्ये निळ्यानंतर पारवा आणि जांभळा उरतातच, मग निळ्यापलीकडचं अदृश्य कसं? हिशेब चोख, कान बेताचा. संस्कृतातला 'नील' काळसर गडद छटांनाही पोटात घेतो; त्याला रंगपेटीतल्या एकाच वडीत कोंबू नका. शिवाय 'अवरक्त'शेजारी (तांबड्याखालचा, म्हणजे इन्फ्रारेड) 'अतिनील' शोभतो. जंबुपार ऐकून मला जंबुद्वीपाची सफर आठवते.

हं, अवकाश राहिलंच. सुमारे ३०० नॅनोमीटर तरंगलांबीखालचे अतिनील किरण ओझोन आणि ऑक्सिजन जवळजवळ सगळे वरच्या वर गिळतात. म्हणून १९४६मध्ये व्ही-टू या जर्मन युद्धरॉकेटवर वर्णपटमापक चढवावा लागला. पुढे उपग्रह आले, पण अतिनीलाच्या माऱ्यानं उपकरणच मंदावतं. मग सूर्य फिका पडला की यंत्र, हे ठरवायचं कसं? १९९१च्या यूएआरएस आणि २००३च्या सॉर्स या उपग्रहांवरचं 'सोलस्टिस' हे उपकरण त्याच आरशांनी स्थिर तेजाचे निळे तारेही पाहायचं आणि सूर्य त्यांच्याशी ताडून बघायचं. (पूर्ण नाव 'सोलर स्टेलर इरेडियन्स कम्पॅरिझन एक्सपेरिमेंट'; सोलस्टिस म्हणजे अयनान्त. लघुरूप जुळवणाऱ्याला दाद द्यायला हवी.)

जाता जाता, 'सौर स्थिरांक' हाही फसवा. सूर्याकडून पृथ्वीपाशी पोचणारी, दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ही एकूण ऊर्जा अकरा वर्षांच्या सौरचक्रात जेमतेम ०.१ टक्का हलते, पण १२१.६ नॅनोमीटरची लायमन-अल्फा ही हायड्रोजनची अतिनील रेषा त्याच चक्रात दीड-दोन पट होते.